जमीन नसलेलं मैदान

आमच्या घरात एकाच इमारतीला तीन नावं आहेत. आण्णा, म्हणजे माझे वडील, शेवटपर्यंत तिला ‘वल्लभभाई’ म्हणत. म्हणजे वल्लभभाई पटेल स्टेडियम. पण ते इतक्या सलगीनं म्हणत की वल्लभभाई म्हणजे त्यांच्या गिरणीतले कुणी जॉबर असावेत, असं मला लहानपणी वाटायचं. मी ‘एनएससीआय’ म्हणते, कारण आमच्या वेळी बसच्या खिडकीतून गेटवर तीच अक्षरं दिसायची. माझी मुलगी ‘डोम’ म्हणते. टॅक्सीवाल्याला यातलं काहीही सांगा, तो एवढंच विचारतो, ‘हाजीअलीच्या अलीकडे ना?’

आई त्याला काहीच म्हणत नसे. नाव घ्यायची तिला कधी वेळच आली नव्हती.

वरळीच्या बीडीडी चाळीतून निघालं, की वरळी नाका, मग अ‍ॅनी बेझंट रोड, लोटस थिएटर आणि पुढे समुद्राचा वारा अंगावर आला की डावीकडे हे स्टेडियम. मागे महालक्ष्मीचं रेसकोर्स, समोर पाणी. रस्त्याचं नाव लाला लजपतराय मार्ग. जुनी माणसं अजून हॉर्नबी व्हेलार्ड म्हणतात, आणि या नावात त्या जागेचा सगळा जन्म आहे. मुंबई आणि वरळी ही दोन वेगळी बेटं होती. त्यांच्यामधल्या खिंडीतून भरतीचं पाणी आत घुसायचं आणि पार भायखळा-कामाठीपुऱ्यापर्यंत चिखल करून ठेवायचं. विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना ती खिंड बांध घालून बुजवली. १७८४ च्या सुमारास काम पुरं झालं. बांध सारखा ढासळत होता, मग कामावरच्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती वर काढल्या आणि मगच बांध टिकला, ही महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका तर ठाऊकच आहे सगळ्यांना.

सांगायचं ते हे की स्टेडियम जिथं उभं आहे तिथं मुळात जमीनच नव्हती. पाण्याकडून हिसकावून घेतलेला तुकडा. मला हे फार उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा गंमत वाटली, कारण अशा बंदिस्त स्टेडियमला एरवीही स्वतःची जमीन नसतेच. शिवाजी पार्कला माती आहे, जांबोरी मैदानाला धूळ आहे, आझाद मैदानाला गवत आणि टक्कल दोन्ही आहे. इथं खाली नुसता कोबा. जो येईल तो आपली जमीन बरोबर घेऊन येतो, अंथरतो, खेळतो, गुंडाळून घेऊन जातो. बॅडमिंटनवाले आले तर लाकडी फळ्यांवर हिरवी मॅट, कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० रुंद. कबड्डीवाले आले तर फोमचे चौकोन एकमेकांत अडकवून १३ बाय १०. बास्केटबॉलवाल्यांना ९४ फूट बाय ५० फूट लाकूड लागतं. पुरस्कार सोहळा असला की लाल गालिचा आणि पुढच्या रांगेत सोफे. त्यामुळे या इमारतीचा इतिहास सांगायचा तर भिंतींचा नको, खाली काय काय अंथरलं गेलं त्याचा सांगावा.

अंथरण्याची सुरुवात एका क्लबनं केली. नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडिया, म्हणजेच गेटवरचं ते एनएससीआय. त्यामागचा माणूस अँथनी डी’मेलो, क्रिकेट बोर्डाचे पहिले सचिव. १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा उभ्या करण्यात त्यांचा मोठा हात होता. सरदार पटेल १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईतच गेले. पन्नासच्या दशकात समुद्राकाठी स्टेडियम झालं आणि त्यांचं नाव त्याला मिळालं. छपराखालच्या खेळांची हवा तेव्हा शहरात होतीच. फेब्रुवारी १९५२ मध्ये टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली होती, आशियातली पहिली. त्या स्पर्धेत हिरोजी सातो नावाचा चष्मेवाला जपानी खेळाडू स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि जगज्जेता होऊन गेला. त्याच्या बॅटीला आवाजच नव्हता. चेंडू बॅटीवर आपटल्याच्या टक् आवाजावर समोरच्याच्या फटक्याचा अंदाज घेणारे भलेभले खेळाडू आंधळ्यासारखे चाचपडायला लागले. खेळात आवाजाचं काय काम असतं हे मला पुढे कबड्डीमुळे कळलं. त्यावर नंतर येते.

आण्णा साताऱ्याकडचे. वयाच्या विशीत मुंबईला आले, गावकऱ्यांच्या गाळ्यात राहिले, खानावळीत जेवले, गिरणीत तिसरी पाळी केली. गावाकडे तालमीत गेलेले. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून हौदा कसा मळायचा हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दलचा अभिमान त्यांनी साठाव्या वर्षापर्यंत पुरवून वापरला. असा माणूस पगाराच्या दुसऱ्या दिवशी चार जणांबरोबर चालत वल्लभभाईला जायचा, दारासिंगची फ्रीस्टाइल बघायला.

पैसे असले तर आत. नसले तर बाहेर, भिंतीशी. ‘आवाजावरनं कळायचं,’ ते सांगत. ‘किंगकाँग पडला की हा जो हुंकार यायचा नं आतनं, त्यो निराळाच.’

किंगकाँगचं खरं नाव एमिल चाया, मूळचा हंगेरीचा, वजन दोनशे किलोच्या घरात. समोर दारासिंग सव्वाशे-एकशेतीस किलोचा, म्हणजे त्या मानानं बारीकच. त्यांच्या कुस्त्या मुंबईत, सिंगापुरात, कुठं कुठं झाल्या. १९५४ मध्ये दारासिंग रुस्तम-ए-हिंद झाला, १९५९ मध्ये कोलकात्यात राष्ट्रकुल विजेता आणि २९ मे १९६८ ला याच शहरात लू थेझ या अमेरिकन मल्लाला हरवून जगज्जेता. थेझ तेव्हा ५२ वर्षांचा होता. हे वय मी आण्णांना एकदा कुठंतरी वाचून सांगितलं, तर ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

खरं तर त्यांना सगळं कळत होतं. तालमीतला माणूस, त्याला डाव कुठं लागतो आणि कुठं लागल्यासारखा दाखवतात हे न समजायला काय झालं? मराठीत त्याला शब्दही आहे, नुरा कुस्ती. दोघांचं आधी ठरलेलं, मग लोकांसाठी रंगवलेलं. मी विचारलं, की मग नुरा असूनही पैसे मोडून का जायचात? त्यांनी दिलेलं उत्तर मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. म्हणाले, ‘गावाकडं कुस्ती बघायला पैलवान जात्यात. हितं गिरणीतला समदा माणूस जायाचा. तेला काय कुस्ती कळत नव्हती. तेला कुणीतरी त्या आडदांड गोऱ्याला उचलून आपटल्यालं बघायचं हुतं.’

चौकोनी रिंग, दोर, वर झगझगीत दिवे आणि खाली ताणलेलं कॅनव्हास. ही या इमारतीतली माझ्या घराला माहीत असलेली पहिली जमीन. तिच्यावर पडलं की ढोलासारखा धाडकन आवाज येतो. आण्णांच्या मते अर्धी कुस्ती त्या आवाजातच होती. आणि त्या कुस्तीनं मराठीला दोन शब्द दिले ते आजतागायत आहेत. गल्लीत कुणी फारच छाती काढून चाललं की आजही ‘मोठा दारासिंग लागून गेलास’ म्हणतात. आणि वर्तमानपत्रात कुठल्याही नगरपालिकेच्या सभेत खुर्च्या उडाल्या की मथळा ठरलेला, ‘दोन गटांत फ्रीस्टाइल हाणामारी’. ज्यानं तो मथळा लावला त्याच्या वडिलांनी कदाचित वल्लभभाईच्या भिंतीला कान लावला असेल.

पुढे १९८७ मध्ये टीव्हीवर रामायण लागलं. रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीनं बसलो होतो, हनुमान प्रकटला, बायकांनी हात जोडले आणि आण्णा मोठ्यानं म्हणाले, ‘आरं, ह्यो तर आपला दारासिंग!’ आईनं त्यांच्याकडे जे बघितलं ते मी विसरलेले नाही. आईला तो हनुमान वाटला होता. तिनं दारासिंग कधी बघितलाच नव्हता. चार जण मिळून जायचे ते चारही पुरुष असत.

तोवर गिरण्यांचा संप होऊन गेला होता. १८ जानेवारी १९८२. त्याबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, पण ते या लेखात मावणार नाही. एवढंच की त्यानंतर आण्णा कुठल्याच स्टेडियमला गेले नाहीत.

माझ्या वाट्याला एनएससीआय आलं ते बाहेरूनच. क्लब म्हणजे मेंबरांचा, आणि मेंबर म्हणजे आपण नव्हे, इतकं गणित चाळीतल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. मी कबड्डी खेळायचे. डावा कोपरा. नव्वदीचं दशक, मुलींचा संघ, मंडळाचं मैदान. संध्याकाळी आधी पाणी मारायचं, मग खडे वेचायचे, सुतळी लावून चुन्याच्या रेषा आखायच्या. आमचं मैदान मुलांपेक्षा लहान, १२ बाय ८. मातीत ढोपरं कायमची सोललेली, त्यावर हळद. लग्न ठरायच्या वयाच्या मुलीची ढोपरं कशी असावीत यावर चाळीतल्या बायकांची मतं ठाम होती आणि माझी त्यात बसत नव्हती.

मातीवरच्या कबड्डीत आवाज फार महत्त्वाचा. चढाई करणारी आली की तिचा दम ऐकायचा. ‘कबड्डी कबड्डी कबड्डी’ हे नुसतं नियमाचं पालन नसतं. ती आत शिरते तेव्हा आवाज भरलेला असतो. पाय टाकायच्या आधी किंचित अडखळतो. परतायची वेळ झाली, की वर चढतो, बारीक होतो. कोपऱ्यात उभं राहून मी डोळ्यांनी तिचे पाय बघायचे आणि कानांनी तिची छाती. दम बारीक झाला की घोटा धरायचा. आमचे प्रशिक्षक सांगायचे, ‘पाय खोटं बोलतो, दम बोलत नाही.’ सातोच्या स्पंजच्या बॅटीची गोष्ट मी वाचली तेव्हा मला ते बिचारे हरलेले खेळाडू लगेच कळले.

या खेळाला मॅटवर आणि छपराखाली नेण्याची धडपड मुंबईतल्या लोकांनीच केली. बुवा साळवींसारख्या माणसानं सगळं आयुष्य त्यात घातलं. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी गेली, भारताला सुवर्ण मिळालं. पण आमच्यासाठी ती जांबोरीच्या धुळीतच होती. टीव्हीवर कबड्डी दिसेल असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो.

आणि मग २६ जुलै २०१४. तारीख सांगितली की मुंबईकराच्या डोक्यात आधी २००५ चा पाऊस येतो. माझ्याही आला. त्या दिवशी मी, माझ्या जुन्या संघातल्या तिघी, चौघींची मिळून चाळिशीकडे झुकलेली आठ ढोपरं, अशा एनएससीआयच्या गेटमधून आत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. प्रो कबड्डी लीगचा पहिलावहिला सामना, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. आदल्या वर्षी इथंच बॅडमिंटन लीगचा अंतिम सामना झाला होता, सायना नेहवाल आणि सिंधू समोरासमोर. म्हणजे आतून चकाचक असणार याची कल्पना होती. पण ती कल्पना तोकडी पडली.

पहिली गोष्ट जाणवली ती थंडी. कबड्डी आणि एसी! माझ्या मैत्रिणीनं पदर खांद्यावर ओढून घेतला आणि म्हणाली, ‘अगं, घाम कधी येणार यांना?’ दुसरी गोष्ट, वास नाही. भिजलेल्या मातीचा, चुन्याचा, कशाचाच नाही. मधोमध दिव्यांच्या झोतात ती मॅट, आणि तिच्याभोवती चार-पाच हजार माणसं. वर पडद्यावर प्रत्येक पकड पुन्हा हळू दाखवायचे. आमच्या वेळी पकड झाली की झाली, त्यावर पुढचे आठ दिवस भांडण.

अनुप कुमार कप्तान होता यू मुंबाचा. हरियाणाचा, पण त्या रात्रीपुरता वरळीचा. बोनस रेषेवर पाय टाकून परत फिरताना तो इतका निवांत दिसे की जणू दुधाची पिशवी आणायला गेला होता. मुंबानं सामना ४५-३१ असा मारला. लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतरचं ‘करो या मरो’ (गुण मिळव, नाहीतर बाद), तीस सेकंदांचं घड्याळ, हे सगळं आम्हाला नवं. सुरुवातीला आम्ही चौघी नाकं मुरडत होतो, मध्यंतरानंतर उभ्या राहून ओरडत होतो. शेजारचा एक मुलगा, इंग्रजी बोलणारा, महागडे बूट घातलेला, मला विचारू लागला, ‘आँटी, लोण म्हणजे काय?’ मी त्याला सांगितलं, समोरचा अख्खा संघ बाद झाला की लोण. चढाई करणाऱ्यानं ओलांडायची निदान रेषाही सांगितली. मध्यरेषेपासून ३.७५ मीटर. बायकांत तीन. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडचं हे ज्ञान कुणीतरी मागून घेत होतं.

एकच गोष्ट हरवलेली होती. दम ऐकू येत नव्हता. खेळाडूचे ओठ हलताना पडद्यावर दिसत, पण वरून गाणी, निवेदक, भोंगे. पंच जवळ उभे असतात, त्यांना ऐकू जात असेल. आम्हाला मात्र सातोच्या बॅटीसारखं झालं, सगळं दिसतंय पण अंदाज येत नाही. तरी वाईट वाटलं म्हणावं तर तसंही नाही. आण्णांची नुरा कुस्तीची गोष्ट आठवली. इथं आलेल्या माणसांना कुठं कबड्डी कळत होती? पण ही नुरा नव्हती, अस्सल होती, आणि तरीही गिरणगावाबाहेरचा माणूस पैसे मोडून आला होता. त्या पहिल्या हंगामात टीव्हीवर ४३.५ कोटी लोकांनी लीग पाहिली असा आकडा छापून आला. आण्णा २००९ मध्येच गेले. असते तर म्हणाले असते, ‘बाकीच्यास्नी काय हुतं, झोप येत नव्हती?’

अंतिम सामनाही इथंच झाला, ३१ ऑगस्टला, आणि मुंबा ३५-२४ नं हरली. पुढच्या वर्षी २३ ऑगस्टला याच मॅटवर बेंगळुरूला ३६-३० असं हरवून जिंकली. २०१६ मध्ये बायकांच्या तीन संघांची छोटी स्पर्धाही झाली लीगच्या सोबतीनं. आम्ही चौघींनी टीव्हीसमोर अक्षरशः पेढे वाटले. पुढच्या वर्षी ती नव्हती. त्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही. लिहिलं तर लेखाचा सूर बिघडेल.

२०१९ च्या ऑक्टोबरात भाचा आत जाऊन आला. त्याच्या शाळेला बास्केटबॉलचे पास मिळाले होते. एनबीएचा भारतातला पहिला सामना, ४ ऑक्टोबर, इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत शाळेतली तीनेक हजार मुलं होती. नेमके नवरात्रीचे दिवस. बाहेर महालक्ष्मीच्या यात्रेला निघालेल्या बायकांच्या रांगा, फुलांच्या टोपल्या, पोलिसांच्या शिट्ट्या, आणि आत सात-सात फुटी अमेरिकन माणसं. सामना बरोबरीत गेला, जादा वेळ झाला, पेसर्स १३२-१३१ नं जिंकले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, त्यामुळे वरळीकरांनी कुणाची बाजू घ्यावी हा प्रश्न होता. भाच्याला तो पडला नाही. घरी येऊन तो आजीला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, ‘आजी, खाली लाकडाची जमीन होती, एवढी चकचकीत की खेळाडू उलटे दिसत होते.’

आई म्हणाली, ‘पुसायला केवढी माणसं लागत आसतील.’

सहा-आठ महिन्यांत ती स्वतः त्या जमिनीवर होती.

२०२० च्या एप्रिलमध्ये मुंबई महापालिकेनं डोममध्ये कोविड केंद्र उघडलं. आधी वरळी कोळीवाडा बंद झाला होता, मग एकेक चाळ. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्या, मजल्यावर सामाईक संडास. तिथं ‘अंतर राखा’ या दोन शब्दांचा अर्थ काय लावायचा? जूनमध्ये आईची तपासणी पॉझिटिव्ह आली. ताप जेमतेम, खोकला नाही. वय बाहत्तर. मी कांजूरमार्गला अडकलेली. भावानं खाली उतरून अँब्युलन्सपर्यंत पिशवी दिली. पिशवीत दोन साड्या, तुळशीची माळ, चार्जर, चकलीचा डबा. ड्रायव्हरनं काचेतून सांगितलं, ‘वरळी, एनएससीआय.’ भावाला ते ऐकू गेलं, आईला नाही.

रात्री दहाला तिचा फोन आला. मी काही विचारायच्या आत म्हणाली, ‘मी कुठं हाय ठावं हाय का?’

‘डोममध्ये ना?’

‘तुझ्या बापाच्या वल्लभभाईत.’ मग जरा थांबून, ‘चाळीस वर्सं भायरनं बघितलं. आत यायला ह्यो रोग लागला.’

मला हसावं की रडावं कळेना. ती मात्र हसत होती. तिच्या आवाजात भीती होती, पण त्याच्याखाली काहीतरी वेगळंही होतं, पोरीबाळी कुणाच्या तरी घरात पहिल्यांदा शिरल्यावर इकडंतिकडं बघतात तसलं. छप्पर केवढं उंच आहे, दिवे किती आहेत, पायऱ्या किती, हे सगळं तिनं सांगितलं. शेजारच्या खाटेवर प्रभादेवीची एक बाई होती. समोर एक कॉलेजातली मुलगी, ती रात्री गुपचूप रडायची आणि आई तिला चकली द्यायची. प्लास्टिकच्या पोशाखात आतून घामानं भिजलेले डॉक्टर आणि नर्सेस. ‘त्यास्नी वळखायचं डोळ्यांवरनं,’ ती म्हणे. एक नर्स केरळची होती. तिला मराठी येत नव्हतं, आईला दुसरं काही येत नव्हतं, दोघींचं उत्तम चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन जरा उतरला. चौऱ्याण्णव. तिला सहा मिनिटं चालायला सांगितलं, चालून पुन्हा बोटाला ते यंत्र लावायचं. फोनवर ती म्हणाली, की खाटांच्या मधून जमिनीवर पट्ट्या चिकटवल्या आहेत, तुमच्या खेळात असतात तसल्या. ‘मी काय करते, माझ्या खाटंपासनं निघते, त्या मधल्या पट्टीपातूर जाते, शिवते अन् माघारी येते.’

‘दम लागतो का?’

‘येताना लागतो.’

मी तिला कबड्डीतला दम शिकवला. फोनवर, रात्री साडेदहाला. श्वास पोटातून घ्यायचा, एकदम सोडायचा नाही, शब्द पुटपुटत बारीक बारीक सोडत जायचं, म्हणजे कुठं तुटतो ते आपलं आपल्याला कळतं. डॉक्टरांना विचारून कर, हेही सांगितलं. ‘शब्द कोणता म्हनू?’ तिनं विचारलं. मी म्हटलं कोणताही. दुसऱ्या दिवशी तिनं फोन न ठेवता चालून दाखवलं. फोन बहुधा पदरात खोचलेला असावा. कापडाचा खसखसाट, सपातांचा आवाज, लांबून कुणाचा तरी खोकला, आणि मधून तिचा आवाज, ‘विठ्ठल विठ्ठल विठ्ठल विठ्ठल’. जाताना भरलेला, पट्टीपाशी किंचित अडखळलेला, येताना वर चढलेला. मी कांजूरमार्गच्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते आणि माझे कान आपोआप कोपऱ्यात उभे राहिल्यासारखे ताठ झाले होते. दम बारीक झाला पण तुटला नाही. ती खाटेवर बसल्याचा करकर आवाज आला.

‘शाण्णव,’ ती म्हणाली.

अकराव्या दिवशी सोडलं. चकलीचा डबा तिनं त्या मुलीला देऊन टाकला होता.

त्यानंतर डोम पुन्हा डोम झाला. खाटा गेल्या, पट्ट्या निघाल्या असतील. पुढे समोरच्या समुद्रात कोस्टल रोड आला, म्हणजे हॉर्नबीनं जिथं बांध घातला त्याच्याही पुढं पाणी सरकलं. चाळ पाडायला घेतली तेव्हा आई माझ्याकडे आली.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, हिंदी सक्तीचा शासन निर्णय मागे घेतल्यावर मराठीचा विजयी मेळावा झाला. ५ जुलै, वरळी डोम. वीसेक वर्षांनी दोन्ही ठाकरे बंधू एका व्यासपीठावर येणार म्हणून आमच्या सोसायटीत सकाळपासून सगळे टीव्ही एकाच चॅनलवर होते. त्या मेळाव्याचं राजकारण ज्याचं त्यानं ठरवावं, माझ्या घरात त्यावरून तीन मतं आहेत आणि माणसंही तीनच. आत मुंगी शिरायला जागा नव्हती. बाहेर पडदे लावले होते, तिथंही तोबा गर्दी. कॅमेरा वरून फिरत होता, झेंडे, टोप्या, घोषणा. नवरा आवाज वाढवत होता, मुलगी मोबाइलवर तेच बघत होती.

आई पुढं सरकून बसली. तिचं व्यासपीठाकडे लक्षच नव्हतं.

‘त्ये बघ. त्या डाव्या अंगाचा कोपरा. त्या खांबापासनं जरा अलीकडं.’

‘काय आहे तिथं?’

‘माझी खाट. त्यो निळ्या शर्टाचा मानूस हुबा हाय नं, बराबर तिथं.’

आम्ही तिघंही पडद्याजवळ गेलो. निळ्या शर्टाचे पन्नास तरी असतील. मुलीनं बोट ठेवलं, ‘हा का आजी?’ आई चष्मा सारखा करेपर्यंत कॅमेरा पुढे सरकला.

‘आगं, फिरवा की मागं,’ आई म्हणाली.